सद्य वापर

शरणपूर रोडला, सिग्नलच्या अलीकडे,
टायरच्या दुकानामागे जी भिंत आहे
तिच्यावर 'धोकादायक' हा शब्द मीच लिहिला होता.
गेरूनं, सरकारी अक्षरात,
'धो'ची मात्रा जरा ओघळलेली.
त्या दिवशी एकूण अकरा भिंती उरकायच्या होत्या
आणि घरी जेवण वाट पाहत होतं.

आता निवृत्तीनंतर दर रविवारी
ओल्या फडक्यानं तोच शब्द पुसतोय.
शांतवन रणभिसे खालून शिडी धरतो, विचारतो,
"साहेब, तेव्हा आत डोकावला होतात का?"

नव्हतो.

आत भट्टी होती.
गल्लीत तिला शिद्द्याची भट्टी म्हणायचे.
का, ते कुणी विचारत नसे,
रविवार कारंजाला सोमवारी कुणी हटकतं का?

एस्तेरबाईंकडे मिशनची एक वही आहे, वाळवीनं निम्मी वाचलेली.
उरलेली निम्मी त्यांनी आम्हाला वाचून दाखवली.
गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली पोरं,
समुद्रापलीकडची, काळी,
आईची भाषा बोलायला शेजारी कुणी नसलेली.
त्यांना इथं आणलं. पाटी दिली, घण दिला,
पवित्र शास्त्रातलं एकेक नाव दिलं.
आधीचं नाव कुणी लिहून घेतलं नाही.
पोरं मराठी शिकली, मराठीत भांडू लागली.
काही पुढे बोटीनं माघारी गेली
आणि तिथं, म्हणे, त्यांना नाशिकवाले म्हणत.
इथं शिद्दी, तिथं नाशिकचे.
माझ्या पेन्शनच्या पुस्तकातसुद्धा
इतकं नाशिक नाही.

किसन धोत्रे चुना मळतो.
गूळ, बेलफळाचं पाणी, वर ओलं गोणपाट.
सिमेंटचं नाव काढलं की थापी खाली ठेवतो:
"भिंतीला श्वास लागतो. तुम्हाला नाही लागत?"
वर्गणी जमली चार हजार दोनशे.
त्यातले हजार टायरवाल्याचे,
चुन्याचा खड्डा दुकानापुढून हलवण्याच्या अटीवर.

पश्चिमेची बाजू वाचली नाही.
रुंदीकरणाची रेघ तिच्या पोटातून गेली होती,
नकाशावर ती कुणी ओढली, ते मला विचारू नका.
दार तेवढं उतरवून ठेवलं, टायरांच्या सावलीत.

किसनच्या पोरीनं, सावळानं,
रॉकेलच्या बोळ्यानं बिजागरी घासली
तेव्हा गंजाखालून ठसा वर आला:
दोन रेघा, शेजारी एक टिंब.
एस्तेरबाई म्हणाल्या, ही सही असेल.
शांतवन म्हणाला, ठोकताना बसलेला मार असेल.
मी काही बोललो नाही. मला घाम फुटला होता.

कारण तो ठसा मी एकतीस वर्षं पाहिला होता.
जुन्या कचेरीत, रेकॉर्ड रूमच्या दाराला,
डोळ्यांच्या उंचीवर.
पाडायच्या घरांच्या फायली
मी त्याच दारातून आत नेऊन ठेवायचो.

मग पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन फिरलो.
तांबट लेनमधे एक सापडली, पंचवटीत
धर्मशाळेच्या खिडकीला जोडी,
एका शाळेच्या मागच्या फाटकाला चार,
त्यातली एक खोटी निघाली.
घरमालकांना वाटे आम्ही भंगारवाले.

वारसा समितीच्या अर्जात एक रकाना आहे:
वास्तूशी संबंधित महनीय व्यक्ती.
तिथं आम्ही दोन रेघा काढल्या, एक टिंब दिलं.
तरुण साहेबांनी चष्मा वर केला,
अर्ज उलटा धरून पाहिला,
मग खालच्या रकान्याकडे वळले.
"सद्य वापर. नाही, असंच लिहू ना?
अर्धी भिंत तर उरलीय."

म्हटलं, जरा रेकॉर्ड रूम उघडता?

किल्ली शोधायला वेळ लागला. शिपाई चहाला गेलेला.
दार कुरकुरलं, मग पूर्ण मागे गेलं.
"तेल मागतंय," शांतवन म्हणाला.

साहेबांचंच पेन घेऊन मी लिहिलं:
दररोज, साडेदहा ते पावणेसहा.