चौथा तुकडा

साफीच्या बंदरात तारलीच्या बोटी लागल्या
की तौदा प्रयोगशाळेची खिडकी लावून घेते.
खारं वारं पत्र्याला आधीच फितवतं.

चार तुकडे, अंगठ्याच्या नखाएवढे,
घासून घासून आरसा केलेले,
दोऱ्याने आम्लात सोडलेले.
तिघांच्या पात्रांत आर्गनच्या पेंडीचा अर्क:
तेल निघाल्यावर बकऱ्यांपुढे टाकतात ती पेंड,
चुलतीने तमनारहून पाठवलेली, बसच्या टपावरून.
चौथ्यात काही नाही.
चौथा नुसता फसफसतो.

तिचा बाप इद्दर बोटींना पिवळा हात मारायचा.
क्रोमेटचा.
"ह्या पिवळ्याला तोड नाही," म्हणायचा,
"वीस वर्षं लोखंड हूं की चूं करत नाही."
खोटं नव्हतं.
आधी नाकातल्या पडद्याला भोक पडलं,
मग छातीत काहीतरी.
बोटी अजून समुद्रात जातात.

लोखंडाची तक्रार नसते.
खाणीतून ओढून आणलं, भट्टीत घातलं,
तरी ते रोज कणाकणाने
मातीच्या घरी निघालेलं असतं.
त्याला अडवायला अर्काचे रेणू
पत्र्यावर आडवे होतात, खेटून,
लग्नघरात सतरंजीवर पाहुणे झोपतात तसे.
एकाने कूस बदलली
की तेवढ्या फटीतून आम्ल आत.

संध्याकाळी तराजू.
चौथ्याचे एक्केचाळीस मिलिग्रॅम गेले.
दाट अर्कातल्याचे सव्वातीन.
ब्याण्णव टक्के!
तौदा एकटीच खुर्चीवर गिरकी घेते.

कारखान्याचे इंजिनिअर बेनजेल्लून
चहाचा पेला न उचलता विचारतात:
आमच्या टाकीत साठ अंश असतात, तिथे?
(तिथे पाहुणे उठून जातात. एकसष्ट टक्के.)
पाऊस झाला नाही तर पुढची पेंड अशीच उतरेल?
आणि बकऱ्यांनी काय खायचं?

ती प्रश्न वहीत लिहून घेते.
शेवटच्या प्रश्नाखाली दोन रेघा.

रात्री तिन्ही तुकडे पाकिटात, पाकिटांवर तारीख.
चौथा फेकायचा असतो, असा नियम आहे.
ती तो पुसते,
खडबडीत, काळा, कडा खाल्लेल्या,
आणि बापाच्या चहाच्या डब्यात टाकते.
डब्यात असे दोनशेच्या वर आहेत.
हलवला की वाजतो.

त्यांच्या अंगावर काही नव्हतं
म्हणून बाकीच्यांचं मोजता आलं.