सर्वानुमते

बेदाण्याच्या शेडवर मी निवडायला असते.
पत्र्याखाली सात तास, समोर पसरलेला हिरवा माल,
त्यातला काळा दाणा, देठ राहिलेला दाणा, खडा
बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.
हे एवढ्यासाठी सांगते की
वही वाचायला हिला कुणी शिकवलं, असं उद्या कुणी विचारलं
तर नाव शेडचं घ्या.

वही दर महिन्याला घरी येते.
चौथीतला पोरगा पिशवीत घालून आणतो,
"आक्का, गुरुजींनी सही सांगितलीय. फुली केलीय तिथं."
मी पिठाचा हात पदराला पुसते, फुलीवर लिहिते
सौ. मालन बिरा वाघमोडे, सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
आणि वही जाते.
तीन वर्षं अशीच गेली.

परवा शेड बंद होतं. पानं मागं उलटली.
दिनांक बावीस. सभा सकाळी ठीक अकरा वाजता.
उपस्थित अकरा. त्यात सहावी मी.
बावीसला मी मिरजेत होते,
बापाच्या डोळ्याची पट्टी सोडायला.
एसटीचं तिकीट अजून डब्यात आहे.

ठराव क्रमांक चार.
मुलींच्या स्वच्छतागृहास नवीन दरवाजा व नळजोडणी,
काम समाधानकारक पूर्ण, देयक अदा करणेस मंजुरी.
सूचक, सौ. मालन बिरा वाघमोडे.
ठराव सर्वानुमते मंजूर.

सूचक.
म्हणजे हे मला सुचलं होतं.

माझी पद्मा तिसरीत आहे.
तिची पाण्याची बाटली सकाळी भरून जाते
आणि संध्याकाळी भरलेलीच येते.
मी रागवायचे, एवढं ऊन, घोटभर पाणी पीत नाहीस.
ती दप्तर टेकवून परसात पळायची.
दाराच्या जागी पोतं आहे, युरियाचं.
एकीनं धरायचं, एकीनं जायचं,
आणि धरणारी त्या दिवशी आली नसेल तर
घरी येईपर्यंत कळ काढायची.
हे तिनं सांगितलं नाही. मी जाऊन पाहिलं.
नळ आहे. भिंतीतून बाहेर आलाय.
मागं पाईप नाही.

ऐवळे गुरुजी वाईट माणूस नाही.
दोन मास्तर, चार वर्ग, तांदळाचं वजन, मतदारयादी,
शर्टाचा खिसा शाईनं कायमचा निळा.
म्हणाले, "ताई, बिल वरून आलं होतं, मी फक्त जागा भरल्या."
अध्यक्ष म्हणाले, "बदनामी हुईल शाळंची. पट आधीच एकोणतीस.
शाळा बंद पडली तर पोरी कुठं जातील?"
"आत्ता कुठं जात्यात, ते बघितलंय का?"
खिचडीवाली सुलाबाई तोंडाला पदर लावून हसली,
मग पातेलं घासायला लागली, जोरात.

वही परत दिली नाही.
घरात चाळणीशेजारी ठेवलीय, दारातून दिसेल अशी.
आज तिसरी रात्र.
दिवसाउजेडी कुणी येत नाही. अंधार पडला की येतात,
चहा घेतात, द्राक्षाच्या दराचं बोलतात,
वहीकडं बघून चप्पल घालतात.
सासरे भिंतीकडं तोंड करून म्हणाले,
"तुला एकटीलाच दिसतंय का सगळं?"

नव्या पानावर माझ्या हातानं लिहिलंय.
अक्षर ओळीवर राहत नाही,
नववी सुटल्यापासून एवढं लिहिलंच नव्हतं.
दरवाजा नाही. पाणी नाही.
पैसे कुठं गेले ते सभेत सांगावं,
आणि सभा खरोखर भरवावी.
सूचक, मी.

खाली अनुमोदकाची जागा आहे.
शबाना मुलाणी, ती पण समितीवर, काल दारात येऊन उभी राहिली.
माझी पोर जाते तेव्हा पोतं तिची पोर धरते.
वाचलं तिनं, दोनदा. पेन उचललं.
मग म्हणाली, "ह्यांना विचारून येते."
पेन तिच्याबरोबरच गेलं.