कमरेकडची मूठ

सातपूरच्या मनपा शाळेत, बाक भिंतीला सारून,
सोमवार-बुधवार-शुक्रवार मी काता शिकवतो.
बावीस वर्षं झाली. तीन जिल्हा सुवर्ण, एक राज्य कांस्य.
दिवसा अंबडला लेथवर.
तिथे केसभर चुकलं तरी माल परत येतो.
इथे कधी कुणी काही परत पाठवलं नाही.

मुलांना सांगायचो :
डावीकडून एक शत्रू आला, वळा.
मागून दुसरा, वळा.
लाथ येतेय, हात खाली झाडा, अडवा.
दुसरी मूठ कमरेला, घट्ट, कोपर मागे.
"ती का, सर?"
छान दिसतं. ताकद येते. पंच बघतात.
ही तिन्ही उत्तरं मला माझ्या सरांनी दिलेली,
त्यांना त्यांच्या सरांनी,
न उघडता पुढे सरकवलेली पुडी.

गांगुर्डे सिस्टर मुलीला सोडायला येत
आणि सिव्हिलच्या नाइटला जायच्या आधी
हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर डोळे मिटत.
एका बुधवारी डोळे न उघडताच म्हणाल्या,
"सर, चार जण येत नाहीत."
"काय?"
"चार दिशांनी चौघे. नाही येत. एकच असतो.
पेशंटचा भाऊ, नाहीतर नवरा, दुपारपासून प्यायलेला.
लाथबीथ नाही मारत. धरतो.
इथे, मनगट. इथे, कॉलर. नाहीतर अंबाडा.
आणि मग दुसऱ्या हाताने काय करायचं
याचा विचार करत उभा राहतो.
तेवढाच वेळ असतो."

एकाही बेल्टच्या परीक्षेत हे आलं नव्हतं.

मी म्हटलं, धरा.
त्यांनी धरली कॉलर,
ज्यांना धरलं गेलंय ते धरतात तशी.
मला एकच गोष्ट येत होती, ती केली.
काता. सावकाश, पांढऱ्या पट्ट्याच्या पोरासारखा.

दोन्ही हातांची छातीवर फुली,
जिला आम्ही नुसती 'तयारी' म्हणायचो,
तिच्याखाली त्यांची बोटं सापडली.
मूठ कमरेकडे निघाली
आणि रिकामी आली नाही.
मनगट घेऊन आली, मनगटामागे कोपर, कोपरामागे खांदा,
रहाटाला पोहरा यावा तशा अख्ख्या सिस्टर एक पाऊल पुढे.
अडवणारा हात कुणाला अडवायला गेलाच नाही,
त्यांच्या कोपरावर जाऊन टेकला.
तिथे थांबलो. पुढे हाड होतं.
आणि वळण उरलं होतं.
वळलो असतो तर मागे दुसरा कुणी नव्हता,
हाच पहिला खाली गेला असता.

मुलं गप्प. वर पंखा कटकटत होता.
सिस्टर मनगट चोळत म्हणाल्या,
"मग हे शिकवा ना."

त्या रात्री गच्चीवर, थंडीत,
कंपन्यांची तिसरी पाळी सुरू होईपर्यंत
एकेक हालचाल उकलत बसलो.
समुद्रापलीकडे, कुठल्याशा बाजारात,
कुणाची तरी गचांडी धरली गेली असेल.
कागद सापडला असता,
म्हणून त्याने ते अंगात लिहून ठेवलं.
काही उकललं, काही नाही.
एक उडी आहे. तिचं अजून मला काहीच कळलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा सिस्टर उशिरा आल्या.
मनगटावर चार बोटं, निळी.
मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "सुटलं."
"मारलंत?"
"कशाला? त्याच्या आईला ऑक्सिजन लावायचा होता."

जिल्हा स्पर्धेत त्यांची आम्रपाली चौथी आली.
पंच ओळखीचे. बाजूला घेऊन म्हणाले,
पोरीचा वेग कमी पडतो.
मूठ मागे येते ना, ती
काहीतरी ओढून आणल्यासारखी येते.
मी म्हटलं, हो.
आणलेलं असतं.