डावा पाटा

दारव्हा रोडला, टिनाच्या सावलीत,
चौसष्टची अम्बॅसिडर विटांवर.
जुने पाटे काढले तेव्हा कळलं,
डावाच जास्त बसला होता.
मामंजी तिकडेच बसायचे,
खिडकीत कोपर, मांडीवर पानपुडा.

नवे पाटे, नवे बुश, शॅकल.
मी पाना ओढायला गेले
तर उकंडा मिस्त्री खालूनच ओरडला,
"थांबा जी बाई! हवेत आवळलं
तं रबर फाटते.
वजन पडू द्या पयले."

चाकं टेकवली.
मागच्या सीटवर तुरीचं पोतं,
मिस्त्रीचा पोरगा, कान खाजवत,
अन् डावीकडे,
कोणी सांगितलं नव्हतं तरी
सासूबाई जाऊन बसल्या.
पदर दारात अडकला, तो ओढून घेतला.

गाडी कुरकुरली,
दोन बोटं खाली आली.

"हं. आवळा आता."