मुक्कामाची गाडी

प्रणोती, तुला पहिलीच ड्यूटी उमदी मुक्कामाची लागली
म्हणून सांगते.
तिकिटाचं मशीन शिकवलं असेल कुणी, सुट्ट्या पैशांचंही.
डब्याचं कुणी शिकवत नाही.

पीठ कोमट पाण्यात मळ,
हाताला जरा सैलच वाटलं पाहिजे.
मग झाकून विसरून जा,
तोवर पिशवीत चादर भर, बिल्ला शोध.
घडीत तेल लावताना हात आखडू नको,
रात्री तेच तेल तुझ्या बाजूनं बोलणार आहे.
आणि तवा चांगला तापू दे.
मंद तव्यावर रेंगाळलेली चपाती
उतरतानाच म्हातारी असते.

गरम गरम डब्यात कोंबायची नाही.
मी वर्षभर कोंबली.
वाफ झाकणाला जाऊन बसते, थेंब होऊन परत येते,
आणि तळातली चपाती अशी होते
की उचलायला गेलं की बोटं आत जातात.
आधी बुट्टीत पसर.
निम्मी वाफ जाऊ दे, निम्मी धर.
हे निम्मं कुठं, ते मला सांगता येत नाही.
तळहात वर धरून बघ:
ओल लागली तर थांब,
नुसती ऊब लागली तर उचल.

धडपं सुती पाहिजे, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.
आपल्या खाकी ओढणीत गुंडाळू नको,
टेरिकॉट पाणी पीत नाही.

आता मुख्य गोष्ट.
जुनी गाडी मिळाली तर माडग्याळ सुटल्यावर
डबा उघड, धडप्यावर चार थेंब शिंपड, चारच,
आणि पुरचुंडी बॉनेटवर ठेव.
लवटेमामांना विचारून. विचारावं लागतं.
बॉनेट त्यांचं, घंटीची दोरी आपली.
ते काही बोलणार नाहीत,
फक्त किन्नरच्या बाजूचा पाना सरकवून जागा करतील.
मधल्या वस्त्यांवर उतरणारे उतरतात,
गाडी रिकामी होत जाते,
आणि पुढं काचेशी
चपात्या हळूहळू शुद्धीवर येतात.

भाकरीचं विचारू नको. ज्वारीची भाकरी बॉनेटला जुमानत नाही.
ती वाळू दे खुशाल,
मुक्कामाला आमटीत कुस्कर.

उमदीत रेंज फक्त गाडीच्या मागच्या शिडीवर.
साडेनवाला मी तिथं चढते.
जतहून विघ्नेश म्हणतो, आई, कडक झाल्यात.
सकाळचंच पीठ, एकाच परातीतलं:
बारा त्यांच्याकडं ठेवल्या, सहा माझ्याकडं,
मध्ये नऊ-दहा टप्पे.
मी म्हणते, गॅस बारीक कर. पाण्याचा हात फिरव दोन्हीकडून.
तव्यावर टाक, वर ताटली पालथी घाल, वीस आकडे मोज.
तो मोठ्यानं मोजतो.
आधी चर्र ऐकू येतं,
मग काही नाही, नुसते आकडे,
सोळाच्या पुढं तो घाई करतो.
मी म्हणते, परत सतरापासून.

लोक विचारतात, बाई, घर सोडून रात्रीची कशी राहता?
त्यांना काय सांगायचं.
शिडीवर एक हात, कानाला फोन,
खाली लवटेमामा पुरचुंडी धरून उभे,
निवतील म्हणून.

हां, आणि एक राहिलं.
डिझेलचा वास लागतो चपातीला.
पहिल्या आठवड्यात नाक मुरडशील, मग विसरशील.
परवा सुट्टीला घरी जेवले,
विघ्नेशनंच गरम करून वाढली, मऊ होती, पदर सुटत होते,
आणि मी दोनदा विचारलं,
ह्यात मीठ घातलंय ना रे?