पेंटर अक्षरावर पैसे घेतो

दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर
लिहून ठेवलंय सगळं:
शिकवणीची फी, परीक्षेची फी,
नोंदणीचे दहा हजार,
कॉलेज रोडच्या सीएने
'तुमच्याकडून कमीच घेतो' म्हणत घेतलेले,
आणि जुने रिटर्न शोधताना
पोटमाळ्यावरून पडून फुटलेला चष्मा.
तोही धरलाय. का नाही धरायचा?

एकोणीस वर्षं मी पाथर्डी फाट्यावर घरं दाखवली
नुसत्या शब्दावर.
किल्ल्यांचा डबा, एक स्कूटी,
आणि भामरे अप्पांनी शिकवलेलं एकच वाक्य:
आत गेलं की आधी खिडकी उघडायची, मग तोंड.
पाठीमागे लोक दलाल म्हणायचे,
समोर कोठावदे मावशी.
दोन्हीला परवाना लागत नव्हता.

त्रेपन्नाव्या वर्षी बसले संगणकासमोर,
द्वारकेच्या पलीकडे, एका तळघरातल्या केंद्रात.
शेजारच्या पोराचा पाय सारखा हलत होता,
त्याबरोबर माझं टेबल.
चटई क्षेत्र म्हणजे काय?
अरे बाबा, आयुष्य गेलं चटई क्षेत्रात उभं राहून,
पण चार पर्यायांत कधी उभी राहिले नव्हते.
माऊस घामाने निसटत होता.
पास झाले.
किती मार्कांनी, ते वहीत नाही.

मग नंबर आला.
पाटीवर, कार्डावर, भिंतीवरच्या जाहिरातीत,
जिथे मी, तिथे तो.
भद्रकालीतला रईस पेंटर अक्षरावर पैसे घेतो.
म्हणाला, "ताई, इंदुमती कोठावदे आठ अक्षरं,
नंबर बारा.
नाव काढून टाकू? स्वस्त पडेल."
दोघंही हसलो.
शून्यांचे पैसे त्याने धरले नाहीत.

अप्पांनी फॉर्म भरला नाही.
"या वयात पेपर?"
टपरीवर बसतात आता, किल्ल्यांशिवाय.
मधूनच खिशावर हात जातो.
वाजत नाही काही.
गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवतात.
त्यांचा वाटा कुठे दाखवू? फॉर्मला तो रकाना नाही.
मी त्यांचं चहाचं खातं भागवते
आणि लिहिते: किरकोळ.

पाच वर्षांनी नूतनीकरण.
किल्ल्यांच्या डब्यात एक पाकीट ठेवलंय,
दर सौद्यामागे पाचशे टाकते.
तोवर मी अठ्ठावन्नची.
गुडघे माझे, मजला चौथा,
लिफ्ट बिल्डरच्या भाषेत 'लवकरच'.
गुडघ्यांचं नूतनीकरण कुठे होतं
ते सिव्हिल हॉस्पिटलला विचारून झालंय.

काल सातपूरहून एक जोडपं आलं.
तिसरा मजला. मी खिडकी उघडली,
पांडवलेणीचा डोंगर आत आला,
बाईचा चेहरा सैल झाला.
अशा वेळी गप्प राहायचं असतं.
तिनेच विचारलं, "पाणी येतं ना?"
पूर्वी म्हटलं असतं, भरपूर.
माझं कार्ड तिच्या हातात होतं,
अंगठा नेमका नंबरावर.
म्हटलं, "मार्चपासून टँकर."

तिने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला.
आधी हवा आली, खोकल्यासारखी,
मग पाणी, बारीक.
नवरा जिन्यातूनच म्हणाला, कळवतो.

रात्री वहीत तारीख घातली.
पुढे काही लिहिलं नाही.
नळ तिने नीट बंद केला होता का,
आठवेना.
सकाळी टपरीच्याही आधी
पुन्हा तिसरा मजला चढले.