बाणावरची चांदी

महापे एमआयडीसी, दुसरा मजला.
खिडकीतून पोखरलेला पारसिक दिसतो,
आणि हूडखाली एकवीस दिवस
तोच पिवळा द्रव, ढवळत.

पॅलेडियम त्यात पुरतं विरघळलेलं,
ना कण, ना गाळ.
दोन रेणूंची गाठ मारून द्यायची
आणि स्वतः मोकळं व्हायचं, एवढंच त्याचं काम.
पण क्लोराइड असं बिलगलेलं
की येणाऱ्याला टेकायला जागा नाही.
उतारा अकरा टक्के.
कार्लेकर सर म्हणाले, तापमान वाढवा.
वाढवलं. अकराचे नऊ झाले,
तळाशी काजळी.

बाविसाव्या दिवशी, कुणाला न विचारता,
मी चिमूटभर चांदीचा क्षार टाकला.
द्रव नासला, लिंबू पिळल्या दुधासारखा.
घाबरले. मग नीट पाहिलं:
चांदीनं क्लोराइड ओढून घेतलं होतं
आणि त्याला कवेत धरून ती खाली बसत होती,
पांढरी, जड,
पुन्हा वर न येण्यासाठी.
वर पॅलेडियमचा एक हात रिकामा.

संध्याकाळी चौऱ्याऐंशी टक्के.

अहवालात समीकरण छापलं.
डावीकडे दोन, उजवीकडे एक, मध्ये बाण.
चांदी बाणावर, आठ पॉइंटात.

फ्लास्क धुवायला कुंदाताई भोईर आल्या, घणसोलीच्या.
"सकालचा पांढरा व्हता, आता जांभला कसा?"
उजेड लागला की होतो, म्हटलं. चांदी आहे ही.
त्या हसल्या.
"माझी तं पतपेढीन हाय."

त्यांच्या भाचीच्या हळदीला मी गेले होते.
सगळ्यांचे हात पिवळे,
यांची दोन बोटं काळी,
फाटक्या हातमोज्यातून क्षार लागलेली.
"साबनानं जात नाय. कातडी निंगल, तवाच."
असं म्हणून त्याच बोटांनी
त्यांनी नवरीच्या गालाला हळद लावली.

आता हिशेबखात्याचे देवळेकर विचारतात:
चार ग्रॅम आलं, मालात किती उतरलं?
शून्य.
मग शेरा काय मारू? वाया?

मी उत्तर दिलेलं नाही अजून.

कपाटात, खालच्या फळीवर, एक तपकिरी बरणी आहे.
गाळ त्यात थोडा थोडा साठतो.
झाकणावर पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर बॉलपेननं, दाबून दाबून, कुंदाताईंचं अक्षर:
चांदि. फेकु नये.